टेबल सॉ, बोटं आणि सरकार: सक्ती असावी का?

भुसाकार
मंडळी, न्यू जर्सीत गॅरेजमध्ये सुतारकामाचा नाद चालू आहे. शेल्फ, स्टुलं, देव्हारा असं करत करत आता जुना टेबल सॉ (टेबलाच्या खाचेतून फिरतं पातं वर येणारी विजेची करवत) काढून नवा घ्यायची वेळ आली आणि तिथेच घोडं अडलंय.

साधा, उचलून नेता येईल असा टेबल सॉ इथे दोन-तीनशे डॉलरना मिळतो. बोट लागताक्षणी पातं थांबवणारा सॉस्टॉप कंपनीचा घ्यायचा तर त्यांचं सगळ्यात लहान मॉडेलसुद्धा त्याच्या तिप्पट-चौपट. घरच्या गृहमंत्र्यांनी "मग बोटांची किंमत किती धरलीस?" असं विचारून चर्चा संपवली आहे. माझी मात्र संपलेली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. स्टीव्ह गॅस हा गृहस्थ पेशाने पेटंट वकील, शिक्षणाने भौतिकशास्त्रातला पीएचडी. १९९९ च्या सुमाराला त्याला ही युक्ती सुचली. मोठ्या कंपन्यांनी परवाना घेतला नाही, म्हणून त्याने सॉस्टॉप काढून स्वतःच करवती बनवायला घेतल्या. २००३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाकडे अर्ज गेला की ही सोय सगळ्याच टेबल सॉवर सक्तीची करा. आयोगाने २०११ मध्ये पहिली सूचना काढली, २०१७ मध्ये नियमाचा मसुदा, २०२३ मध्ये सुधारित मसुदा. मसुद्यातली अट अशी की बोटासारखी चाचणीची वस्तू सेकंदाला १ मीटर वेगाने येऊन फिरत्या पात्याला लागली तर चीर ३.५ मिलिमीटरपेक्षा खोल जाता कामा नये. एवढं सगळं होऊनही सक्ती अजून आलेली नाही.

आयोगाच्याच अंदाजाने इथे वर्षाला ३०,००० च्या आसपास लोक या पात्याला लागून इमर्जन्सीत पोचतात. त्यातल्या ४,००० हून जास्त जणांचा बोटाचा किंवा हाताचा भाग तुटलेला असतो.

तर प्रश्न: घरी हौस म्हणून काम करणाऱ्यांच्या हत्यारांवर सरकारने अशी सक्ती करावी का? आणि भारतात याबाबत काही नियम आहेत का? एक-दोन वर्षांत नाशिकला परत यायचा विचार आहे, म्हणून विचारतोय.

वाचनमात्र
रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न आणलेत.

पेठकर
सक्ती? पुण्यात बसून उत्तर देतोय, त्यामुळे हसू आवरत नाहीये. इथे हेल्मेटसक्ती जाहीर झाली की दुसऱ्या दिवशी विरोधी कृती समिती तयार असते. तुम्ही टेबल सॉचं म्हणताय!

आडमुठा
सरळ उत्तर: नाही. माझं गॅरेज, माझं पातं, माझी बोटं. ज्याला नऊशे डॉलरची करवत परवडते त्याने घ्यावी. ज्याला परवडत नाही त्याची दोनशेची करवत बाजारातून उठवली तर तो सुतारकाम सोडणार नाही. कुणाची तरी तीस वर्षं जुनी, गार्ड हरवलेली करवत यार्ड सेलमधून उचलेल. सुरक्षितता वाढली की कमी झाली?

खटपट्या (सांगली)
भुसाकार, तुमचा धागा वाचून मजा वाटली. तुमच्याकडं भांडण कुठल्या टेबल सॉवरून चाललंय, आणि आमच्याकडं टेबल सॉ म्हणजे काय ते सांगतो.

एक मार्बल कटर घ्यायचा, चार इंची, हार्डवेअरच्या दुकानात कुठंही मिळतो. १८ मिलिमीटर प्लायच्या तुकड्याला खाच पाडायची. कटर उलटा करून खालनं स्क्रूनं आवळायचा, पातं वर काढायचं. फरशी कापायचं डायमंड पातं काढून लाकडाचं दातेरी पातं लावायचं. कटरचं स्वतःचं गार्ड आड येतं म्हणून ते आधीच काढून फेकलेलं असतं. बटण खाली टेबलाच्या पोटात गेलं, तिथं हात पोचत नाही, म्हणून ते चालू अवस्थेत लॉक करायचं किंवा चिकटपट्टी गुंडाळायची आणि भिंतीवरच्या बोर्डावरनं चालू-बंद करायचं. झाला टेबल सॉ.

आता बघा, हे यंत्र मिनिटाला १२-१३ हजार फेरे घेतं. तुमच्या दहा इंची टेबल सॉचे फेरे चार-पाच हजार. पात्यामागं रिव्हिंग नाईफ (कापलेली चीर उघडी ठेवणारी पट्टी) नाही, फेन्स (फळी सरळ सरकवायचा आधार) म्हणजे दोन क्लॅम्पनी धरलेली पट्टी, आणि लाईट जाऊन परत आली की यंत्र आपलं आपण सुरू. व्हिडिओ बघून पोरं घरोघर असली टेबलं बनवायला लागल्यात. यावर कुठला नियम लावणार? कंपनीनं विकला फरशी कापायचा कटर. तो नियमात चोख बसतो.

सुतारीण
खटपट्या, लाईट जाऊन परत येण्याचा मुद्दा सोन्यासारखा आहे. नो-व्होल्ट स्विच नावाची गोष्ट वेगळी विकत मिळते. वीज गेली की तो पडतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय यंत्र पुन्हा सुरू होत नाही. लोक पात्यावर पैसे घालतात, स्विचवर नाही.

खटपट्या (सांगली)
@सुतारीण, बरोबर. आणि त्याचं लाल बटण मोठं असतं, गुडघ्यानं पण दाबता येतं. दोन्ही हात फळीवर असताना तेच कामाला येतं.

बाळबोध
ते पातं थांबतं कसं पण? लाकूड आणि बोट यातला फरक करवतीला कसा कळतो?

वायरमन
@बाळबोध, पात्यावर सतत एक बारीकसा विद्युत संकेत सोडलेला असतो. कोरडं लाकूड तो संकेत फारसा बदलत नाही. आपलं शरीर मात्र वाहक, आणि त्याची धारिता (विद्युतभार साठवायची क्षमता) मोठी. त्वचा लागली की संकेत झपकन पडतो. लगेच स्प्रिंगला धरून ठेवणारी बारीक तार वितळवली जाते आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा फिरत्या दात्यांत घुसतो. पाच मिलिसेकंदांच्या आत पातं थांबतं आणि टेबलाच्या खाली जातं. प्रात्यक्षिकात बोटाऐवजी सॉसेज लावतात. खुद्द गॅसने टीव्हीवाल्यांसमोर स्वतःचं बोट लावून दाखवलं आहे.

तोटा असा की एकदा ठोकळा सुटला की ठोकळा-स्प्रिंगचं ते अख्खं काडतूस गेलं, आणि बहुधा पातंही गेलं. ओलं लाकूड किंवा मध्ये धातू लागला तरी सुटू शकतं. म्हणून ती सोय तात्पुरती बंद करायची किल्ली दिलेली असते.

पेठकर
किल्ली दिली म्हणजे संपलंच. आपल्याकडे ती पहिल्या दिवशी फिरवतील आणि परत फिरवायची विसरतील.

वायरमन
यंत्र बंद करून परत चालू केलं की सोय आपोआप पुन्हा लागू होते हो. एवढा विचार केलाय त्यांनी.

अस्थिपंजर
हाताच्या शस्त्रक्रिया हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून @आडमुठा यांच्या "माझी बोटं" बद्दल दोन शब्द.

बोट तुमचं असतं, मान्य. पण रात्री अकराला ते जोडायला बसणारी टीम, भूल देणारे, सूक्ष्मदर्शक, नंतरची कित्येक महिन्यांची फिजिओथेरपी, बुडालेला पगार, हे सगळं फक्त तुमचं नसतं. आयोगाने अमेरिकेतल्या या जखमांचा समाजावर पडणारा वार्षिक भार ४ अब्ज डॉलरच्या घरात मोजला होता, तो यामुळेच.

शिवाय करवतीने तुटलेलं बोट सुरीने तुटलेल्या बोटाइतकं सोपं नसतं. पातं दोन-तीन मिलिमीटर जाडीचा भाग उडवूनच नेतं. हाड तर आखडून घ्यावं लागतंच, पण रक्तवाहिन्यांची टोकं जुळवताना खरी परीक्षा असते. कधी मनगटाजवळून शिरेचा तुकडा काढून मध्ये घालावा लागतो.

धागा वाचणाऱ्यांपैकी कुणाला कधी उपयोग होऊ नये, तरी लिहून ठेवतो: तुटलेला भाग स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, पाण्यात किंवा दुधात तर नकोच. बर्फात आणलेली बोटं बघून जीव हळहळतो. माणसाने धावपळ करून, गाडी पळवून आणलेलं असतं आणि पेशी गोठून गेलेल्या असतात. बोटात स्नायू नसल्यामुळे नीट थंड ठेवलं तर १२ तास, क्वचित त्याहून जास्तही हातात असतात.

बाळबोध
वाचनखूण साठवली. धन्यवाद डॉक्टर. आज रात्री झोप लागणार नाही.

आडमुठा
डॉक्टरांविषयी आदर आहेच. पण या हिशोबाने जिन्यावरून पडण्याचाही समाजावर भार पडतो. मग जिने बंद करायचे का?

अस्थिपंजर
जिन्याला कठडा लागतो असा बांधकाम नियम आहे. जिने बंद केलेले नाहीत.

वाचनमात्र
😀😀 हा षटकार.

पेटंटबाबू
मूळ प्रश्नातली खरी मेख कुणी काढलीच नाही. सक्तीला विरोध करणारे सगळे काही बोटांचे शत्रू नव्हते. गॅसने शंभराच्या आसपास पेटंटं घेऊन ठेवली होती. सरकारने सक्ती केली असती तर प्रत्येक कंपनीला एकाच माणसाच्या दाराशी जावं लागलं असतं. सरकारने नियम करायचा आणि वसुली एका खाजगी कंपनीने करायची, यालाच हत्यारं बनवणाऱ्या कंपन्यांची संघटना बोट दाखवत होती. (बोट! हलके घ्या.)

आणि ही भीती पोकळ नव्हती. बॉशने रीॲक्स नावाची करवत आणली होती. तिच्यात पातं न मोडता दाबाखालच्या वायूच्या काडतुसाने खाली ढकललं जायचं, त्यामुळे पातं पुन्हा वापरता यायचं. सॉस्टॉपने दावा लावला आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने तिच्या आयातीवर बंदी घातली. एका सरकारी आयोगाचा मसुदा म्हणतोय सगळ्यांनी ही सोय द्या, आणि त्याच वर्षी दुसरा आयोग म्हणतोय की ही देणारी दुसरी करवत देशात आणू नका!

२०२४ च्या फेब्रुवारीत सॉस्टॉपने जाहीर केलं की नियम लागू झाला तर एक महत्त्वाचं पेटंट लोकांसाठी खुलं करू. तोवर जुनी बरीच पेटंटं संपत आली होती. उदारपणा होता की हिशोब, तुम्हीच ठरवा.

भुसाकार
@पेटंटबाबू, इथे गॅरेजवाल्यांच्या गप्पांत लोक गॅसला शिव्या घालतात त्या याचसाठी. पण दुसरी बाजू बघा. २०१० मध्ये बोस्टनच्या ज्यूरीने एका जखमी कामगाराला १५ लाख डॉलर दिले, कारण असं तंत्र उपलब्ध असूनही कंपनीने ते वापरलं नाही. त्याने गार्ड लावलेलं नव्हतं, तरीही. नियम नसला की कोर्ट नियम करायला लागतं, आणि प्रत्येक ज्यूरीचा नियम वेगळा.

काळाकोट
भुसाकारांनी भारताचं विचारलंय, तर कायद्याकडून सांगतो.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ मध्ये यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालायची सक्ती होती (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली). पण "कारखाना" म्हणजे वीज वापरत असाल तर दहा कामगार, ही त्या कायद्यातली मूळ व्याख्या. नाक्यावरचा फर्निचरवाला, त्याचे दोन कारागीर आणि तुमची गॅलरी या कशातच बसत नाहीत. म्हणजे कारखान्याच्या फाटकाबाहेर तीच करवत आली की कुंपण ऐच्छिक.

राहिला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्यात उत्पादकाच्या दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. यंत्रात दोष असेल, किंवा पुरेशी सूचना-इशारा दिलेला नसेल तर भरपाई मागता येते. पण ग्राहकाने उत्पादनात फेरफार केला असेल तर उत्पादक सुटतो. खटपट्या, तुमचा उलटा मार्बल कटर इथे पहिल्याच तारखेला बाद.

एक कायदा मात्र या धाग्याच्या अगदी जवळचा आहे आणि फारसा कुणाला ठाऊक नसतो: धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम, १९८३. हरितक्रांतीनंतर मळणी यंत्रं गावोगाव पोचली आणि पेंढी आत सारताना हात जाऊ लागले. पंजाब-हरियाणात याचं प्रमाण भयंकर होतं. तेव्हा शक्तिचालित मळणी यंत्रांसाठी हा कायदा केला. भारतीय मानकाप्रमाणे पेंढी घालायची पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातली ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली हवी, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. यात गंमत अशी की इथे कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स नाही, पेटंट नाही. पत्र्याचा तुकडा आहे फक्त.

खटपट्या (सांगली)
वकीलसाहेब, तो पत्र्याचा तुकडा आमच्याकडच्या मळणी यंत्रावर मी बघितलाय. म्हणजे तो होता त्या जागेची भोकं बघितल्यात. लांब पन्हळीनं पेंढी सारायला वेळ लागतो, मळणी भाड्यानं, तासावर पैसे. मग ग्राइंडर लावून पन्हळ आखूड करतात. गावातल्या वर्कशॉपवाल्याला पहिल्यापासनंच आखूड करायला सांगतात.

पेठकर
हेल्मेटचंही तेच. २०२१ च्या जूनपासून आयएसआय नसलेलं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे. आता जा आणि रस्त्याकडेला दोरीवर टांगलेली हेल्मेटं बघून या.

श्टुटगार्टकर
जर्मनीतून थोडं. इथे सुतारकी शिकणाऱ्या उमेदवारांना टेबल सॉपाशी उभं करण्याआधी यंत्रांचा वेगळा कोर्स करावा लागतो. युरोपातल्या मानकाप्रमाणे बंद केल्यावर पातं १० सेकंदांत थांबायला हवं. अमेरिकेत सर्रास वापरतात तो डॅडो सेट, म्हणजे खाच पाडायला एकाशेजारी एक रचलेली पाती, इथल्या बहुतेक करवतींना लागतच नाही, कारण दांडाच आखूड असतो. रिव्हिंग नाईफ इथे कित्येक वर्षं अंगवळणी पडलेला आहे. अमेरिकेत तो सगळ्या नव्या डिझाइनमध्ये यायला २००० चं दशक संपत आलं.

आणि तरी बोट ओळखणारं तंत्र इथेही सक्तीचं नाही. फेल्डर आणि आल्टेनडोर्फ या करवती बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापली तंत्रं काढली आहेत. आल्टेनडोर्फचं तर कॅमेऱ्याने हात ओळखतं, पात्याला लागायच्या आधीच. पण ती कारखान्याची यंत्रं, किंमत ऐकून तुम्ही परत हातकरवतीकडे वळाल. योगायोग म्हणजे सॉस्टॉप २०१७ मध्ये विकत घेतली ती इथल्याच, फेस्टूल ही हत्यारं बनवणाऱ्या मूळ कंपनीने.

आडमुठा
म्हणजे जर्मनीनेसुद्धा सक्ती केली नाही. माझा मुद्दा सिद्ध.

श्टुटगार्टकर
अहो नाही. जर्मनीने रिव्हिंग नाईफ, गार्ड आणि ब्रेक यांची सक्ती केली. स्वस्तातल्या गोष्टींची सक्ती आधी केली, महागाची राहिली. तुमचा मुद्दा दोन्हींना विरोध करतोय.

सुतारीण
किकबॅकबद्दल कुणीच बोलत नाहीये. बोट ओळखणारी करवत किकबॅक थांबवत नाही. फळी कापताना चीर मिटते, पात्याच्या मागच्या उठत्या दात्यांना चिकटते आणि फळी उलटी तुमच्या पोटाकडे येते. नुसती फळी लागते तेव्हाही वाईटच, पण कित्येकदा तिच्याबरोबर हात ओढला जाऊन पात्यावर पडतो. मूळ कारण तिथे आहे, आणि त्यावरचा इलाज म्हणजे चीर उघडी ठेवणारी पोलादी पट्टी, रिव्हिंग नाईफ. सरकारला सक्ती करायचीच असेल तर आधी तिची करा.

बाकी माझं म्हणणं शिकवण्याबद्दल आहे. मी ठाण्यात फ्लॅटच्या गॅलरीत काम करते. आयटीआयला सुतारकामाचा वर्षाचा अभ्यासक्रम आहे, पण नोकरी करणाऱ्या हौशी माणसाने शनिवार-रविवारी जाऊन यंत्र कसं हाताळायचं ते कुठे शिकायचं? ओढणी खोचा, बांगड्या काढा, आणि फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू नका, हे शेवटचं कुणाला पटतच नाही. लोक "सेफ्टी" म्हणून मोजे घालतात, आणि मोज्याचा धागा अडकला की अख्खा हात आत.

आणि यंत्राबरोबर येणारी पुस्तिका उघडून बघा. इंग्रजी, हिंदी आणि आणखी दहा परदेशी भाषा. मराठी नाही. चित्रं मुंगीएवढी. औषधाच्या बाटलीवर जसं बारीक छापतात तसंच. ही एक सक्ती विनाखर्च होईल आणि पेटंटही आडवं येणार नाही.

खटपट्या (सांगली)
+१००. आमच्या कारागिरांतले अर्धे बिहार-राजस्थानचे, त्यांना हिंदी तरी वाचता येतं. आपल्या पोरांनी काय करायचं?

आडमुठा
मराठी पुस्तिकेला माझाही पाठिंबा. बघा, मी इतकाही आडमुठा नाही.

वाचनमात्र
स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

नाक्यावरचा
पुस्तिका वाचतं कोण राव? दुकानदार खोका फोडतो, मशीन चालवून दाखवतो, पुस्तिका खोक्यातच राहते आणि खोका माळ्यावर. थ्री-पिनची जाड पिन बोर्डात बसत नाही म्हणून कापून टाकतात इथं, तुम्ही वाचायचं काय घेऊन बसलाय.

वायरमन
जाड पिन कापणाऱ्यांसाठी स्वतंत्र धागा काढावा लागेल. ती अर्थिंगची पिन आहे. लोखंडी बॉडीचं यंत्र आणि ओली फरशी असेल तर पात्यापर्यंत पोचायचीही गरज नाही. वर्कशॉपच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा.

भुसाकार
खूप छान चर्चा. खरं सांगायचं तर सॉस्टॉपकडे कल झालाय. पण आता वेगळाच प्रश्न: नाशिकला परतताना तो कंटेनरमध्ये घालून आणावा का?

वायरमन
नको. इथला व्होल्टेज २३०, तिथला १२०. ट्रान्सफॉर्मर लावलात तरी तिथली वारंवारता ६०, इथली ५०. इंडक्शन मोटर असेल तर ती हळू फिरेल आणि गरमही जास्त होईल. ब्रशवाली मोटर असेल तर तेवढा त्रास नाही, पण मोठा ट्रान्सफॉर्मर कायम पायात.

सुतारीण
आणि काडतूस एकदा सुटलं की नवं कुठून आणणार? कुणी अमेरिकेहून येईपर्यंत यंत्र बंद. तिथे आहात तोवर तिथे वापरा, येताना विकून टाका. इथे आल्यावर प्लाय कापायला ट्रॅक सॉ घ्या. त्यात यंत्र फळीवरून पुढे जातं, फळी पात्याकडे ढकलायची नसते. दोन्ही हात यंत्राच्या मुठींवर, म्हणजे पात्यापासून लांब. घरी काम करणाऱ्या बहुतेकांना टेबल सॉ लागतच नाही असं माझं मत आहे. बारीक पट्ट्या काढायला मात्र तो लागतो, हे कबूल.

भुसाकार
पटलं. गृहमंत्र्यांना कळवतो.

खटपट्या (सांगली)
हा धागा आमच्या मेहुण्याला वाचून दाखवला. त्याच्याकडं तोच उलटा मार्बल कटर आहे. टेबल मोडायला तयार नाही, पण म्हणतोय रिव्हिंग नाईफ बसवतो, किती जाडीची पट्टी घेऊ? कुणी सांगेल का?

सुतारीण
पात्याच्या दात्याने पडणारी चीर जेवढी रुंद, त्यापेक्षा पट्टी किंचित बारीक, आणि पात्याच्या मधल्या चकतीपेक्षा किंचित जाड. कॅलिपरने दोन्ही मोजा आणि मधलं माप घ्या. पट्टी पात्याच्या अगदी रेषेत हवी, पात्याच्या मागच्या कडेपासून ३ ते ८ मिलिमीटर अंतरावर, आणि उंचीला पात्यापेक्षा जराशी खाली. वाकडी बसली तर नसलेली बरी. ती बसवताना प्लग काढून ठेवायला सांगा. आणि नो-व्होल्ट स्विच आधी, पट्टी नंतर.

खटपट्या (सांगली)
सांगतो. स्विच आजच आणायला लावतो. पट्टीचा फोटो टाकीन इथं.

पेठकर
फोटोत मेहुण्यांचे दोन्ही हात दिसू द्या.